गर्दीतला तो एक आवाज

ऑलमन ब्रदर्स बँडची 'अ‍ॅट फिलमोर ईस्ट' नावाची एक जोड-एलपी आहे. मार्च १९७१ मध्ये न्यू यॉर्कच्या फिलमोर ईस्ट थिएटरात, लोकांसमोर वाजवताना ध्वनिमुद्रित केलेली. तिच्या चौथ्या बाजूवर एकच गाणं आहे, जवळजवळ २३ मिनिटांचं. ते सुरू व्हायच्या आधी गिटारवाला ड्वेन ऑलमन काहीतरी बोलायला लागतो, आणि गाण्याचं नाव त्याच्या तोंडून पडायच्या आत गर्दीतला एकजण बोंब मारतो, "व्हिपिंग पोस्ट!" त्यावर ड्वेन म्हणतो की ओळखलंस बुवा, आणि मग बेसगिटार ती अकराच्या मोजणीतली विचित्र चाल धरते.

त्या ओरडणाऱ्याचं नाव तबकडीच्या वेष्टनावर नाही. पण पन्नासहून जास्त वर्षं जगभर लोक त्याचा आवाज ऐकतायत. पुढे तर ही बोंब मारणं ही रॉकच्या कार्यक्रमांतली एक खोडच होऊन बसली. १९७४ साली हेलसिंकीला फ्रँक झॅपाच्या कार्यक्रमात कुणीतरी हीच फर्माईश ओरडून केली. झॅपाच्या बँडला ते गाणं येत नव्हतं. त्याने तिथेच त्या माणसाची यथेच्छ टिंगल केली, पण नंतर गाणं बसवलं आणि १९८४ च्या आपल्या अल्बममध्ये चक्क घातलं. चाहत्याने ओरडून एवढं पदरात पाडून घेतल्याचं दुसरं उदाहरण मला आठवत नाही.

तर आज या बँडबद्दल आणि तिच्या पंख्यांबद्दल लिहायचंय. (फॅनला आम्ही कॉलेजात पंखाच म्हणायचो.) आणि शेवटी एक कबुलीही द्यायचीय, जी घरातल्या काहीजणांना माहीत आहे आणि काहींना नाही.

नमनाला थोडं तेल लागेल. १९६९ च्या मार्चमध्ये फ्लोरिडातल्या जॅक्सनव्हिलला सहा पोरं एकत्र आली. ड्वेन आणि डिकी बेट्स गिटारवर, ड्वेनचा धाकटा भाऊ ग्रेग ऑर्गनवर आणि गायला, बेरी ओकली बेसवर, आणि ड्रमर एक नाही तर दोन, बुच ट्रक्स आणि जेमो. पाच गोरे आणि जेमो काळा. मग सगळे जॉर्जिया राज्यातल्या मेकन या गावी राहायला गेले, कारण त्यांची रेकॉर्ड कंपनी तिथे होती. १९६९ सालचं अमेरिकेचं दक्षिण लक्षात घ्या. लांब केसांची गोरी पोरं आणि एक काळा पोरगा एकाच गाडीतून फिरतायत, एकाच ठिकाणी राहतायत, हे तिथे सहज खपणारं नव्हतं. त्यांना जेवू कुणी घातलं? एच अँड एच नावाच्या खाणावळीच्या लुईझ हडसन या काळ्या बाईंनी. पोरांकडे पैसे दोन ताटांचे आणि खाणारी तोंडं सहा. बाईंनी उधारीवर वाढलं. पोरं नंतर हे विसरली नाहीत, १९७२ च्या एका दौऱ्यावर बाईंना सोबत घेऊन गेली. 'मामा लुईझ' म्हणून त्या पंख्यांच्याही आई झाल्या. २०२२ मध्ये त्या गेल्या तेव्हा मेकनमध्ये कुणी घरचं माणूस गेल्यासारखी हळहळ झाली.

फिलमोरवाली एलपी जुलै १९७१ ला बाजारात आली. चार महिन्यांच्या आत, २९ ऑक्टोबर १९७१ ला, मेकनमध्येच मोटरसायकलच्या अपघातात ड्वेन गेला. वय २४. वर्ष उलटून काही दिवस झाले, आणि ११ नोव्हेंबर १९७२ ला बेरी ओकलीची मोटरसायकल तिथून तीन चौक पलीकडे एका बसवर आदळली. त्याचंही वय २४. दोघं रोझ हिल या जुन्या दफनभूमीत शेजारी शेजारी आहेत.

म्हणजे बघा, ज्या माणसाने बँड उभी केली तो अडीच वर्षंच होता. त्यानंतर ही बँड मोडली, जुळली, पुन्हा मोडली, पुन्हा जुळली आणि २०१४ पर्यंत चालली. ४५ वर्षं! आणि लोक येत राहिले. का?

माझ्यापुरतं उत्तर असं, की यांचं वाजवणं कधी संपत नसे. ब्लूज म्हणजे तसा बारा घरांचा साधा साचा, तीन सूरसंगती आणि कुणीतरी सोडून गेल्याचं दुःख. या लोकांनी तो साचा घेतला आणि त्यात माइल्स डेव्हिस आणि कोल्ट्रेन यांच्याकडून ऐकलेली जागा केली. एकाच सूरसंगतीवर ठाण मांडून बसायचं आणि बढत करत जायचं. आपल्याकडे हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. 'इन मेमरी ऑफ एलिझाबेथ रीड' हे डिकीचं गाणं (नाव रोझ हिलमधल्याच एका थडग्यावरून घेतलेलं) फिलमोरला १३ मिनिटांचं आहे, दुसऱ्या रात्री वेगळं, तिसऱ्या वर्षी आणखी वेगळं. भीमसेनांचा तोडी एकदा ऐकला म्हणजे झाला, असं कुणी म्हणतं का? तसंच.

आणि म्हणून टेपा. या बँडने चाहत्यांना कार्यक्रम ध्वनिमुद्रित करू दिले. माणसं थिएटरात मायक्रोफोन उभे करून बसत. ऐंशी-नव्वदच्या दशकांत पोस्टाने कोऱ्या कॅसेट पाठवायच्या, समोरच्याने त्यावर अमुक गावचा अमुक तारखेचा कार्यक्रम उतरवून परत पाठवायचा, असा व्यवहार चाले. शिरस्ता एकच, टेप विकायची नाही. अदलाबदल करायची, नवख्याला फुकट द्यायची, आणि लेबलवर तारीख, गाव, गाण्यांचा क्रम नीट लिहायचा. मला हे वाचताना हसू आलं होतं, कारण ही माणसं मी सदाशिव पेठेत पाहिलेली आहेत. नावं आणि रागांची नावं वेगळी, एवढंच.

बँडमध्ये भांडणंही काही कमी झाली नाहीत. २००० च्या मे महिन्यात बाकीच्यांनी डिकी बेट्सला चक्क फॅक्स पाठवून बाहेर काढलं. एकतीस वर्षांचा सहकारी, आणि फॅक्स! चाहत्यांत उभी फूट पडली, घरात वाटण्या होताना पडते तशी. डिकीशिवाय ती बँडच नव्हे म्हणणारे एकीकडे, आता निदान शांतपणे वाजवतील म्हणणारे दुसरीकडे. माझ्या ऑफिसात एक म्हातारा इंजिनियर होता, तो २००० नंतरचं काहीच ऐकायचा नाही. दुसरा त्याचा लहानपणापासूनचा मित्र दर मार्चला न्यू यॉर्कला जायचा. दोघं एकाच गाडीने ऑफिसला येत. गाडीत काय लागत असेल, कुणास ठाऊक. :)

दर मार्च म्हणजे बीकन थिएटर. १९८९ पासून बँड मॅनहॅटनमधल्या या थिएटरात वाजवू लागली आणि नव्वदच्या दशकात तो जवळजवळ वार्षिक उत्सवच झाला. एकूण २३८ कार्यक्रम. मी एकच पाहिला, २००९ मध्ये, बँडला ४० वर्षं झाली तेव्हा. त्या वर्षीचे १५ कार्यक्रम ड्वेनच्या आठवणीत होते आणि १९ आणि २० मार्चला एरिक क्लॅप्टन येऊन वाजवून गेला. मी अर्थातच वेगळ्या दिवशी गेलो होतो. माझं नशीब हे असं.

शेजारच्या खुर्चीवरच्या गृहस्थाने पहिला प्रश्न विचारला, "कितवा?" म्हटलं, पहिला. त्याने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती मी विसरणार नाही. कीव नव्हती, हेवा होता. त्याच्या मांडीवर वही होती, गाणं सुरू झालं की तो नाव लिहून ठेवायचा. साठीच्या पुढचा माणूस, शाळकरी अक्षर.

त्या रात्री माझे कान ज्याच्याकडे लागले होते तो मात्र ड्वेन गेल्यावर आठेक वर्षांनी, १९७९ साली जन्मलेला. डेरेक ट्रक्स, ड्रमर बुचचा पुतण्या. १९९९ पासून बँडमध्ये. काचेची नळी बोटात घालून तारेवरून घसरवत वाजवतो. आणि आपल्या लोकांना सांगण्यासारखी गोष्ट म्हणजे हा मुलगा कॅलिफोर्नियातल्या अली अकबर खाँसाहेबांच्या संगीत विद्यालयात जाऊन शिकलाय. २००६ च्या त्याच्या अल्बममध्ये नुसरत फतेह अली खाँची कव्वाली गिटारवर आहे. त्याची मींड ऐका, सरोद कुठून आली ते विचारावं लागणार नाही. घसरवण्यावरून आठवलं, ड्वेनची नळी म्हणजे सर्दीच्या गोळ्यांची काचेची बाटली होती. १९६८ च्या नोव्हेंबरात त्याच्या वाढदिवसाला तो आजारी होता, तेव्हा ग्रेगने त्याला कोरिसिडिन नावाच्या गोळ्या आणि ताजमहाल नावाच्या गायकाची (हो, हे अमेरिकन ब्लूज गायकाचं नाव आहे) पहिली एलपी आणून दिली. गोळ्या ओतून बाटली रिकामी केली, बोटात घातली, आणि त्या एलपीवरचं 'स्टेट्सबरो ब्लूज' वाजवायला बसला. त्या बाटलीच्या हुबेहूब नकला आजही गिटारच्या दुकानांत मिळतात. माझ्याकडे आहे. मला वाजवता येत नाही, तो प्रश्न वेगळा.

शेवटचा कार्यक्रम बीकनलाच, २८ ऑक्टोबर २०१४ ला सुरू झाला आणि मध्यरात्र उलटल्यावर संपला. म्हणजे २९ ऑक्टोबर लागला होता, ड्वेनची तारीख. शेवटी त्यांनी 'ट्रबल नो मोअर' वाजवलं, १९६९ साली सगळ्यात पहिल्यांदा एकत्र बसवलेलं गाणं. मग २०१७ च्या जानेवारीत बुच गेला, मे महिन्यात ग्रेग. ग्रेगच्या अंत्यविधीला मेकनच्या रस्त्यांवर लोक उभे होते, जिमी कार्टर आले होते (१९७५ साली त्यांच्या अध्यक्षपदाच्या प्रचारासाठी या बँडने निधी जमवून दिला होता), आणि फॅक्सने काढलेला डिकीही आला होता. २०२४ च्या एप्रिलमध्ये डिकी गेला आणि सहापैकी एकटा जेमो मागे उरला.

मेकनला मी गेलो तो ग्रेगच्या आदल्या वर्षी. अटलांटापासून दीड तासाचा रस्ता. व्हाइनव्हिल अ‍ॅव्हेन्यूवर 'बिग हाउस' आहे, १९७० ते १९७३ मध्ये बँडमधले काहीजण बायकामुलांसह भाड्याने राहिले ते घर. ते पुढे कुणाकुणाच्या हातात गेलं, आणि १९९३ साली बँडच्या चमूतल्याच कर्क वेस्ट नावाच्या छायाचित्रकाराने आणि त्याच्या बायकोने विकत घेतलं. वर्षानुवर्षं दारात उभ्या राहणाऱ्या पंख्यांना ती दोघं आत बोलवायची. चाहत्यांच्या देणग्या जमत गेल्या आणि २००९ च्या डिसेंबरात तिथे संग्रहालय झालं. गिटारी, पत्रं, कपडे, तिकिटांचे तुकडे. यातलं बरंचसं कुणी ना कुणी घरात जपून ठेवलेलं. ड्वेनच्या १९५७ च्या एका गिटारला २०१९ च्या लिलावात साडेबारा लाख डॉलर आले, पण मला हलवून गेली ती तिकिटांची फाटकी अर्धुकं. ती कुणी पैशासाठी ठेवली नसणार.

प्रेमाने नासाडीही होते. रोझ हिलमध्ये ड्वेन आणि बेरीच्या थडग्यांभोवती लोखंडी कुंपण आहे. रात्री येऊन पिणारे, दगडावर खरवडणारे, तुकडा घरी नेणारे हेही पंखेच होते. शेवटी घरच्यांना कुंपण घालावं लागलं. मी गजांना हात लावून उभा राहिलो. आत कुणीतरी फेकलेली गिटारची नखी पडली होती.

परतताना मी सरळ अटलांटाला न जाता पूर्वेला वळलो, थॉमसनला. कारण 'स्टेट्सबरो ब्लूज'. फिलमोरच्या एलपीचं पहिलंच गाणं. ते लिहिलं आणि १९२८ साली ध्वनिमुद्रित केलं ब्लाइंड विली मॅक्टेल या काळ्या, अंध गायकाने. बारा तारांची गिटार वाजवायचा, रस्त्यावर, हॉटेलांच्या गाड्यातळावर, मिळेल तिथे. मेकनमधल्याच अंधशाळेत काही काळ शिकला होता. १९५९ साली मिलेजव्हिलच्या रुग्णालयात गेला, मेकनपासून जेमतेम ५० किलोमीटरवर. ऑलमन बंधू तेव्हा अकराबारा वर्षांचे. थॉमसनजवळच्या एका लहान चर्चच्या आवारात त्याला पुरलंय. तिथला दगड बसवला तो त्याच्यावर माहितीपट करणाऱ्या एका लेखकाने, पदरचे पैसे घालून, १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला. गेल्यावर तीसेक वर्षांनी. दगडावर आडनावही मॅक्टेल नाही, घरातलं मॅक्टियर आहे.

मी गेलो तेव्हा तिथे कुणीही नव्हतं. कुंपणही नव्हतं. त्याची गरजच पडली नसावी.

ड्वेनचा यात दोष नाही. तो आणि ग्रेग ज्यांच्याकडून शिकले त्यांची नावं घ्यायचे, फिलमोरच्या मंचावरूनही घेतली आहेत. त्यांच्यामुळेच मी मॅक्टेलपर्यंत पोचलो. पण त्या आवारात उभं राहून मला जे आठवलं ते ड्वेनबद्दल नव्हतं, पुण्यातल्या आमच्या कपाटाबद्दल होतं. तर आता ती कबुली.

१९८६ साली मी अकरावीत होतो. मित्राच्या मोठ्या भावाकडे ही एलपी होती आणि ती फक्त एका रात्रीपुरती मिळणार होती. टेपरेकॉर्डर होता, ९० मिनिटांची कॅसेट नव्हती. दुकानं बंद झालेली. बाबांच्या कपाटात टेपा होत्या, सगळ्यांवर त्यांच्या बारीक अक्षरात तारखा. त्यातली एक १९७९ सालच्या बैठकीची होती, काकांच्या वाड्यातली. गायक कुणी मोठा नव्हता. शाळेत शिकवून गाणारे गृहस्थ, आकाशवाणीवर कधीमधी लागायचे. मी विचार केला, भीमसेनांना हात लावायचा नाही, कुमारांना लावायचा नाही, हे गेलं तर काय बिघडतं. बाबांनी कॅसेटच्या मागच्या दोन्ही चिपा मोडून ठेवल्या होत्या, कुणी चुकून पुसू नये म्हणून. मी त्या भोकांवर चिकटपट्टी लावली.

बाबांना दोन महिन्यांनी कळलं. ते काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला कोऱ्या कॅसेटचा एक डबा आणून दिला. आई म्हणाली, त्या बैठकीची तीच एक टेप होती. गाणारे गृहस्थ तोवर वारले होते.

ती कॅसेट अजून माझ्याकडे आहे. एलपीच्या शेवटच्या दोन बाजू मिळून ४१ मिनिटं होतात, कॅसेटची बाजू ४५ ची. म्हणजे 'व्हिपिंग पोस्ट' संपतं, एक खट्ट आवाज येतो, आणि पुढे चार मिनिटं ती बैठक शिल्लक आहे. भैरवीचा शेवट. तानपुरा, खोकला, बाहेर कुठेतरी सायकलची घंटा. आणि अगदी शेवटच्या सुरानंतर गर्दीतून एक आवाज, "वा! क्या बात है!"

ताई म्हणते तो बाबांचा आवाज आहे. मला वाटतं काकांचा. हल्ली ती चार मिनिटं संगणकावर उतरवून ठेवली आहेत, घरातल्या ज्यांना हवी असतील त्यांना पाठवतो, ऐकून सांगा कुणाचा वाटतो ते. आणि त्या बैठकीला तेव्हा आणखी एक टेपरेकॉर्डर लावला होता असं आत्याला अंधुक आठवतंय. वाड्यातल्या कुणाच्या माळ्यावर, कुणाच्या जुन्या ट्रंकेत १९७९ च्या दिवाळीची तारीख असलेली कॅसेट असेल, तर कृपा करून मला कळवा. यायचा जायचा खर्च माझा. कॅसेट मी हातात घेणार नाही, तुमच्यासमोर उतरवून घेईन.